केअर प्लॅन बाळाकडे बघून लिहा

मा. संपादक,
स. न.

माझी भाची नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा तिनं फाईल माझ्यापुढे ठेवली. "मावशी, सबमिशन आहे, एवढं बघून दे ना." अत्यवस्थ नवजात बाळांचे चार केअर प्लॅन, म्हणजे कोणत्या बाळाची काय काळजी घ्यायची याचे लेखी आराखडे. रंगीत पेनांनी आखलेले रकाने, मोत्यासारखं अक्षर. आणि चारही बाळांना पहिली ओळ एकच : 'बाळाला उबदार ठेवणे.'

त्यातलं एक बाळ १४०० ग्रॅमचं, कमी दिवसांचं. दुसरं पूर्ण दिवसांचं, पण जन्मल्यावर न रडलेलं, झटके येणारं. पहिल्याला ऊब हवीच. दुसऱ्याचं अंग तापू दिलं तर मेंदूची इजा आणखी वाढते. विचारलं तर म्हणाली, "सीनियरच्या फाईलीत असंच आहे."

दोष तिचा नाही. मी बावीस वर्षं खान्देशातल्या नवजात कक्षांत ड्यूटी केली. आमच्याही फाईली अशाच जाड असायच्या. इथला उन्हाळा सगळ्यांना माहीत, पण जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी होतो. अशाच एका नाईटला वॉर्मरखालच्या (बाळाला वरून ऊब देणारं यंत्र) बाळाचं तापमान ३५.८ अंश सेल्सिअसच्या वर जाईना. हवं ३६.५ ते ३७.५. काचेतून बघणारी आजी सारखी म्हणत होती, "पोऱ्याले हिव वाजी ऱ्हायनं, बाई." कागदावर 'उबदार ठेवणे' होतंच! जवळ जाऊन पाहिलं तर वॉर्मर दाराच्या झोतात, आणि टोपी दुधानं ओली. त्या रात्री मी लिहिलं : वॉर्मर दारापासून हलवला, टोपी दर फीडनंतर बघणे, पोटावरचा प्रोब (वॉर्मरला बाळाचं तापमान कळवणारी वायर) चिकटलेला आहे ना हे दर तासाला बघणे. प्रोब सुटला की वॉर्मरला बाळ गार वाटतं आणि तो तापतच जातो. म्हणजे उबदार ठेवता ठेवता बाळ भाजायचं.

शेवटचा रकाना नेहमीचा : 'आईला आरोग्यशिक्षण देणे.' आई सातपुड्यातल्या धडगावची, पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, व्हरांड्यात बसलेली. शिक्षण कोण, कोणत्या भाषेत देणार? आमच्याकडे ते काम पावरी येणाऱ्या आयाबाईंनी केलं. तेव्हा कुठे त्या माऊलीला कळलं की आत यायचं असतं, दूध काढून द्यायचं असतं, बाळाला छातीशी धरता येतं. हे प्लॅनमध्ये नावासकट यायला हवं.

रात्री एका सिस्टरकडे सात-आठ बाळं असतात, तिला चार पानं लिहायला वेळ कुठला? (माणसं वाढवा हे सांगून आता घसा बसला.) म्हणून तरी प्लॅन छोटा असावा, ड्यूटी बदलताना हँडओव्हर घेणारीला दोन मिनिटांत कळावं, याच बाळाचं आज काय बघायचं.

भाचीनं झटक्यांच्या बाळाचा प्लॅन वॉर्डात जाऊन नव्यानं लिहिला. पहिली ओळ : 'झटका, पहाटे ३.१०, डावा हात, ४० सेकंद.' गुण कमी मिळाले, दोन रकाने रिकामे होते म्हणून. नर्सिंग कॉलेजच्या मॅडमना एवढीच विनंती, चारातला एक तरी प्लॅन बाळाच्या शेजारी उभं राहून तपासा.

– एक निवृत्त परिचारिका, धुळे