पर्यटक कसले, ही तर आपल्याच गावची माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात अलिबागच्या इस्रायल आळीतल्या सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला) आलेल्या पाहुण्यांचे छायाचित्र होते. खाली ‘परदेशी पर्यटक’ असे छापले होते. वाचून वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

ही मंडळी बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. नवगावच्या किनाऱ्याजवळ पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा आहे. बुडालेल्यांना मूठमाती दिली ती जागा नवगावला आजही दाखवतात. पुढे हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून नाव पडले ‘शनिवार तेली’. आडनावे पाहा : पेणकर, नवगावकर, रोहेकर, किहीमकर. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल दिवेकर, त्यांच्या आडनावातही आपले दिवेआगरच.

१९४८ नंतर बहुतेक घरे एकेक करून इस्रायलला गेली. लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा आणि पार वाळवंटातले दिमोना. नारळी-पोफळीच्या वाडीत वाढलेल्या माणसांनी तिथे कसे दिवस काढले असतील! त्यात तिथल्या धर्मगुरूंनी यांच्या ज्यूपणाचीच शंका घेतली आणि लग्नाला वेगळ्या अटी घातल्या. त्याविरुद्ध ही माणसे रस्त्यावर उतरली, तेव्हा १९६४ साली तो प्रश्न सुटला. इतके सोसूनही तिथे मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. लग्नाआधी मेंदी अजून लागते. शुभकार्याला मलिदा होतो, म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची आणि फळे. तो एलियाहू हन्नाबी या ज्यूंच्या प्रेषिताच्या नावाने. त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे अशी श्रद्धा असलेली जागा आपल्या अलिबागजवळच्या खंडाळ्याला आहे.

दोन वर्षांपूर्वी दिमोनाहून एक आजी नातीला घेऊन आमच्या गावी आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. माझ्या आईला पाहून पहिले वाक्य, “जरा पाणी दे गो, लांबून आल्ये.” आई पाहतच राहिली. त्यांना आजोबांची कबर शोधायची होती. दफनभूमीत रान माजलेले; कोयत्याने वेली तोडत आम्ही तासभर फिरलो. शेवटी एक दगड सापडला, शेवाळ्याने हिरवागार झालेला. आईने करवंटीने तो खरवडला. वर हिब्रू, खाली मराठी. नातीला मराठी येत नव्हते, आजींना हिब्रू नीट वाचता येत नव्हते. नातीने वरच्या ओळी वाचल्या, आजींनी खालच्या. मग आजींनी घर कुठे होते ते विचारले. आईने विहीर दाखवली, पलीकडचे जोते दाखवले. त्या चपला काढून त्या जोत्यावर बराच वेळ बसून राहिल्या.

अशा बाईला पर्यटक कसे म्हणायचे? माहेरी आली होती ती.

माझी मागणी मोठी नाही. राज्य सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, ते चांगलेच झाले. पण कोणते घर कोणाचे, घाणा कुठे होता, कोणत्या विहिरीवर कोण पाणी भरायचे, हे आमच्या आईच्या वयाच्या माणसांनाच ठाऊक आहे. ग्रामपंचायतींनी दफनभूमीतले रान वर्षातून एकदा तरी काढावे आणि दगडांवरची अक्षरे उतरवून घ्यावीत. पावसाळ्यात ती आणखी झिजतात. शाळेतल्या मुलांना वही-पेन्सिल देऊन हे काम दोन शनिवारांत होईल.

आईने सांगायला सुरुवात केली आहे, मी लिहून घेते आहे. आमच्या आळीतली सात घरे तिच्या नीट आठवणीत आहेत. चौल, नागाव, थेरोंडा इथल्या कोणा जुन्या माणसांना आणखी आठवत असतील, तर त्यांनी आपल्या दैनिकाला कळवावे आणि आपण ते छापावे, एवढीच विनंती.

आपली,
एक वाचक, रेवदंडा (ता. अलिबाग)