ब्लँकेट दिवसा ठेवायचे कुठे?

निफाडचा पारा घसरल्याची बातमी आणि शेजारीच गोदाघाटावरील ब्लँकेटवाटपाचे छायाचित्र पाहिले. वाटणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका नाही. पण उघड्यावर झोपणाऱ्याकडे कपाट नसते. सकाळी मजुरीला जाताना ब्लँकेट झाडाच्या बेचक्यात खोचून जावे लागते. संध्याकाळपर्यंत ते चोरीला तरी जाते, नाहीतर घंटागाडीत तरी. शिवाय फरशीचा गारठा खालून चढतो, त्याला पांघरूण काय करणार? (सतरंज्या वाटताना मात्र कुणी दिसत नाही.)

खरी गरज निवाऱ्याची आहे. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने दर लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी कायमस्वरूपी निवाऱ्याचा निकष ठरवला होता. आपल्या शहरात तो कितपत पाळला गेला, हे महापालिकेने जाहीर करावे. जिथे निवारे आहेत, तिथेही अनेकदा नवरा-बायकोला वेगळे राहावे लागते, म्हणून कुटुंबे रस्ताच पत्करतात. मंडळांनी वाटपाच्या रात्री सोबत एखादी रिक्षा ठेवावी आणि यायला तयार असलेल्यांना थेट निवाऱ्यात पोहोचवावे.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक