उपाशी आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण

संपादक महोदय,

यकृताच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने ‘हलायचे नाही, काही खायचे नाही’ हा समज नातेवाइकांच्या मनात अजूनही घट्ट आहे. माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी परिचारिकेने त्यांना उठवून बसवले तेव्हा मीच तिच्याशी वाद घातला होता, हे कबूल करतो. सलाईनचा स्टँड धरून, पोटाच्या टाक्यांवर उशी दाबत ते दारापर्यंत चार पावले चालले आणि घामाघूम होऊन परतले. पण संध्याकाळी पुन्हा चालायचे, असे त्यांनीच सांगितले.

डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या, शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर उठवून चालवण्याच्या व खाऊ घालण्याच्या या पद्धतीत भूल देण्यापूर्वी साधारण २ तासांपर्यंत पाणी किंवा गाळ नसलेले पारदर्शक पेय चालते, नाकातली नळी सरसकट ठेवली जात नाही, खाणे लवकर सुरू होते आणि वेदनाशमन असे केले जाते की रुग्णाला खोल श्वास घेता यावा व खोकता यावे. अंथरुणात पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा व न्यूमोनियाचा धोका वाढतो, स्नायू तर झपाट्याने झिजतात. उरलेले यकृत पुन्हा वाढते खरे, परंतु त्यासाठी पोषण लागते. अर्थात सिऱ्हॉसिस (यकृत व्रणांमुळे कठीण होण्याचा आजार) असलेल्या रुग्णाबाबत निर्णय डॉक्टरांनीच घ्यायला हवा.

माझी तक्रार एवढीच, की हे सारे आम्हाला शस्त्रक्रियेनंतर कळले. दाखल होण्यापूर्वी नातेवाइकांना अर्धा तास बसवून समजावले असते, तर तो वाद झालाच नसता.

– एक वाचक