दिन्या, हे फोनवर बोलून झालं नसतं

प्रिय दिन्या,

तीन वेळा फोन हातात घेतला आणि परत ठेवला. मी विषय काढला की तू "हां हां बघू रे" म्हणणार आणि हळदीच्या भावावर येणार, हे मला माहितीय. म्हणून लिहायलाच बसलोय. दुकानात वाचू नकोस, रात्री घरी निवांत वाच आणि झालं की वहिनींना पण दे.

गणपतीपुळ्याची दुसरी रात्र आठवते ना, पक्या भिंतीकडे, तू मधे आणि मी खिडकीपाशी. रात्री अडीचच्या सुमारास मला जाग आली. तू आपला घोरत होतास आणि एकदम सगळं बंद झालं, इतकं की खिडकीतनं समुद्राचा आवाज ऐकू यायला लागला. मी उठून बघितलं तर तुझी छाती हलत होती, पोट आत-बाहेर होत होतं, पण नाकाखाली बोट धरलं तर वारा काही लागेना. मी मोबाईलवर सेकंद मोजले. एकदा १८, एकदा २६, एकदा तर ३४. मग तू बुडणारा माणूस वर यावा तसा मोठ्ठा घुर्रर्र करून श्वास घेतलास, कूस बदललीस आणि दोन मिनिटांनी परत तेच. मी साडेचारपर्यंत बसून होतो. सकाळी तू म्हणालास "काय झोप लागली राव, समुद्राच्या हवेनं", आणि नाश्त्याला बसल्या बसल्या तुला पेंग आली. मी काहीच बोललो नाही, ते आजपर्यंत डोक्यातनं जात नाहीये.

अजून एक. माझ्या उशाला ते छोटं मशीन होतं, नळी आणि मास्कवालं, तू विचारलंस हे काय रे, आणि मी सायनसचं आहे म्हणून सांगितलं. खोटं बोललो दिन्या. मला जे झालंय, स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास थांबायचा आजार, तेच तुला असावं असं मला वाटतंय आणि नेमकं तुलाच मी ते सांगितलं नाही. लाज वाटली. पक्या हसेल असं वाटलं. आपण सगळ्यांनीच आयुष्यभर घोरण्यावर हसण्याशिवाय काय केलंय, तुझ्या बाबांना आपण ट्रॅक्टर म्हणायचो, आणि जो जास्त घोरतो तो मस्त गाढ झोपलाय असंच आपल्या घरात सगळे धरून चालतात. ते साफ चुकीचं आहे.

आता माझं ऐक. दीड वर्षापूर्वी मी कंपनीतनं घरी येताना सिग्नलला उभा होतो, मागच्याचा हॉर्न वाजला तेव्हा कळलं की सिग्नल हिरवा होऊन लाल व्हायला आलाय. दुसऱ्यांदा हायवेवर, खंबाटकीचा बोगदा संपल्यावर, दुपारी चार वाजता. मागं पोरगी बसलेली. डाव्या बाजूची चाकं रस्त्याच्या कडेला उतरली, त्या खडखडाटानं डोळे उघडले, दोन-तीन सेकंदांचाच काय तो खेळ. गाडी बाजूला लावली तर हात थरथरत होते, पोरगी म्हणाली बाबा काय झालं, मी म्हटलं टायर बघतो. रात्री सात-साडेसात तास झोपणारा माणूस मी, जागरण नाही, पिणं नाही, मग दुपारी चारला डोळा लागतोच कसा?

तोपर्यंत मी दोन वर्षं बीपीच्या गोळ्या खात होतो, एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन, तरी बीपी खाली येईना. सकाळी उठलं की डोकं जड. रात्री तीनदा लघवीला उठायचो, शुगर असेल म्हणून तपासली तर नॉर्मल. घरात चिडचिड इतकी की पोरगी गणित विचारायला यायची बंद झाली. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते संध्याकाळी आठवायचं नाही. या सगळ्याचं मूळ एक असेल असं मला कधी सुचलंच नाही. शेवटी हिनं एका रात्री माझा व्हिडिओ काढला आणि आमच्या डॉक्टरांना दाखवला, ते म्हणाले स्लीप स्टडी करून घ्या.

एक रात्र झोपवतात. डोक्याला वायरी, छातीला आणि पोटाला पट्टा, नाकाशी एक बारीक नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. घरी करायची साधी टेस्ट पण असते, तंत्रज्ञ संध्याकाळी यंत्र देऊन जातो. रिपोर्टमध्ये एक आकडा असतो एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला किंवा अर्धवट झाला. ५ च्या आत नॉर्मल, ३० च्या वर तीव्र. माझा आला ४२. सहा तास झोपलो तर अडीचशे वेळा रे! आणि ऑक्सिजन ७६ पर्यंत खाली गेलेला. आठव, कोविडमध्ये ९४ च्या खाली गेलं की आपण बेड शोधत पळायचो. मी रोज रात्री ७६ ला जात होतो आणि सकाळी उठून डबा घेऊन कामाला.

होतं असं की झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरकते, आणि ज्याची वाट मुळातच अरुंद त्याची ती बंदच होते. छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही. ऑक्सिजन उतरला की मेंदू धक्का देऊन दोन-चार सेकंद जागं करतो, श्वास सुरू होतो, आणि आपल्याला सकाळी त्यातलं काही आठवत नाही. म्हणजे डोळे मिटून सात तास पडलो खरे, पण खोलवर झोप लागू लागली की कुणीतरी गदागदा हलवतंय असं रात्रभर. प्रत्येक धक्क्याला शरीर घाबरल्यासारखं अ‍ॅड्रेनलिन सोडतं, नाडी धावते, बीपी उसळतं, मग दिवसा ते खाली कसं येणार? लघवीचं पण त्यातलंच आहे. बंद घशावर छाती जोर लावते त्याचा ताण हृदयाच्या कप्प्यांवर येतो, हृदयाला वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय, आणि ते पाणी बाहेर टाकायचं हार्मोन सोडतं. डॉक्टरांनी हे कागदावर चित्र काढून समजावलं तेव्हा मला रडू आलं, खरंच सांगतो, कारण दोन वर्षं मला वाटत होतं की मी आळशी झालोय, म्हातारा झालोय, वाईट बाप झालोय.

हे असंच सोडलं तर पुढं हृदयाचे ठोके बिघडणं, अर्धांगवायू, शुगर, सगळ्याचा धोका वाढतो. २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी कारण हेच सांगितलं होतं, स्लीप अ‍ॅप्निया. बातमी आपण दोघांनी वाचली असेल आणि पुढं गेलो असू.

तू म्हणशील मी कुठं जाडा आहे. वजनानं वाढतं हे खरं, पण आपल्याकडं बारीक माणसांना पण होतं, जबड्याची ठेवण, मानेचा घेर, मागं बसलेली हनुवटी हे सगळं घराण्यातनं येतं. काकांची, म्हणजे तुझ्या बाबांची हनुवटी आणि तुझी हनुवटी आरशात बघ. काका ५८ व्या वर्षी झोपेतच गेले आणि सगळी गल्ली म्हणाली पुण्यवान माणूस, झोपेत मरण आलं. मी पण म्हणालो होतो, काकूंच्या शेजारी बसून. त्यांना काय झालं ते आता कुणी सांगू शकत नाही, पण गणपतीपुळ्याला ३४ सेकंद मोजताना मला फक्त काकाच आठवत होते.

इलाज काय तर तेच मशीन, सीपॅप. ऑक्सिजनचं सिलिंडर नव्हे, साधी हवाच ठराविक दाबानं नाकात सोडतं, त्या दाबानं घसा उघडा राहतो, बस. १९८० मध्ये सिडनीत कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा एका रुग्णाला लावलं, व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर! त्याआधी फार त्रास असणाऱ्याच्या गळ्याला भोक पाडायचे. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटतात. पहिले पाच दिवस वाईट गेले, घुसमटल्यासारखं वाटायचं, मास्कच्या कडेनं हवा डोळ्यात यायची, दोनदा रात्री काढून फेकला. मग मास्कचा साईज बदलला आणि सहाव्या रात्री जमलं. सकाळी उठलो तर डोकं रिकामं, हलकं, आणि मी स्वप्न बघून उठलो होतो, किती तरी वर्षांनी. हरिपूरच्या संगमावर आपण तिघं पाण्यात पाय सोडून बसलोय, बाकी काही नाही. स्वप्नांची झोप पहाटेकडं जास्त असते आणि त्याच वेळी स्नायू सगळ्यात सैल, त्यामुळं ती साखरझोपच माझी तुटत होती. आता तीनातली एक गोळी डॉक्टरांनी बंद केलीय, रात्री उठावं लागत नाही, आणि पोरगी वही घेऊन येते परत.

सगळ्यांना मशीनच लागतं असं नाही हां. कमी असेल तर वजन, कुशीवर झोपणं (आपली वामकुक्षी म्हणजे डावी कूस, जुनी माणसं काय उगाच नाही सांगायची), दातांचे डॉक्टर बनवतात ती जबडा पुढं धरणारी पट्टी, काहींना ऑपरेशन. पण हे सगळं टेस्टनंतर. तोवर शनिवारची दोन पेग बंद कर, दारूनं घसा अजून सैल पडतो. आणि झोप नीट लागत नाही म्हणून मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं गोळी आणू नकोस, तिनं अजून बिघडू शकतं.

वहिनींना सांग, आज रात्री दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून मला पाठवा. त्यांना सगळं माहिती असणार बघ, हॉलमध्ये झोपायला लागल्यात ते काय फक्त आवाजामुळं नाही, ऐकत पडून राहायची भीती वाटत असणार, ही पण मला नंतर म्हणाली की श्वास परत कधी येतो याची वाट बघत ती जागी असायची. आणि तू स्वतः खरं खरं उत्तर दे. पेपर वाचताना, टीव्हीसमोर, जेवणानंतर गप्प बसल्यावर, दुसऱ्याच्या गाडीत तासभर बसल्यावर डोळा लागतो का? सौद्यात उभ्या उभ्या पेंगतोस असं पक्या सांगत होता.

सांगलीत जमलं तर तिथं कर, नाहीतर पुढच्या शुक्रवारी इकडं ये, मी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवतोय. दोन दिवस आमच्याकडंच राहा, मी मशीन हातात देऊन दाखवतो, लाजायचं काही नाही आता. फक्त एक कर भावा, गाडी आणू नकोस. एसटीनं ये, खिडकीची सीट घे, स्वारगेटला मी उभा असेन.

तुझा,
संज्या