सूचना : पाचनई मुक्कामासाठी तंबू व झोपण्याचे साहित्य

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पाचनई येथे होणाऱ्या डिसेंबरमधील मुक्कामासाठी साहित्य निवडताना केवळ वजन पाहू नये. स्लीपिंग बॅगवरील ‘कम्फर्ट’ तापमान (ज्या थंडीपर्यंत आरामात झोपता येते ते) ग्राह्य धरावे, ‘लिमिट’ (जेमतेम झोप लागेल अशी खालची मर्यादा) नव्हे. शरीराच्या भाराने बॅगेच्या खालच्या बाजूत भरलेला कापूस वा पिसे दबून त्यांची ऊब जवळजवळ नाहीशी होते व जमीन अंगातील उष्णता ओढून घेते, म्हणून वजन वाचविण्यासाठी बॅगेखाली अंथरायची मॅट वगळणे ही आमच्या मते सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे. दोघांत एक दुपदरी तंबू पुरेसा आहे. मात्र श्वासातील बाष्पाने बॅगा ओलावू नयेत यासाठी तंबूचे झरोके उघडे ठेवावेत, आणि तंबूत शेगडी मुळीच पेटवू नये.