ड्रिल रॉडची फटीग टेस्ट टेंडरमध्ये आणा

मा. संपादक,

धातू तपासणाऱ्या एका लॅबमध्ये मी नोकरी केली. खाणीत खडकाला भोकं पाडायच्या मशीनला लावतात ते ड्रिल रॉड तुटले की आमच्या टेबलावर नेहमी यायचे. बावीस मिलिमीटरचे, षटकोनी, मधून पाण्याचं भोक असलेले. सोबतच्या पत्रात बहुतेक वेळा एकच वाक्य असायचं : ‘माल कच्चा निघाला, कडकपणा तपासा.’ आम्ही कडकपणा तपासायचो, ताण देऊन तोडायचो आणि दोन्ही आकडे नियमात बसायचे. मग पुरवठादार म्हणायचा, ड्रिलरने रॉड नीट वापरला नाही. ड्रिलर बिचारा काय बोलणार!

खरी गोष्ट तुटलेल्या तोंडावर लिहिलेली असते. एका रॉडचं तोंड मला अजून दिसतं. भोकाच्या आतल्या कडेला गंजाचा बारीक खड्डा, तिथून बाहेर पसरत गेलेला गुळगुळीत भाग, त्यात एकाबाहेर एक वर्तुळाकार रेघा आणि शेवटी एका कोपऱ्यात थोडासा खडबडीत तुकडा. गुळगुळीत भाग एवढा मोठा म्हणजे भार जास्त नव्हता, भेग कितीतरी पाळ्या आतल्या आत वाढत होती. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तोच हा प्रकार. याला फटीग म्हणतात. ताणाच्या चाचणीत किंवा कडकपणात तो दिसत नाही.

जॅकहॅमर, म्हणजे रॉडला ठोके देणारं ड्रिलरच्या हातातलं मशीन, मिनिटाला साधारण 2000 ठोके देतो. या हिशेबाने रॉडवर एक कोटी ठोके पडायला प्रत्यक्ष ड्रिलिंगचे 83 तास पुरतात. लॅबमध्ये घासूनपुसून चकचकीत केलेला पोलादाचा लहान नमुना त्याच्या ताणशक्तीच्या निम्म्याच्या आसपासचा ताण एक कोटी वेळा सोसतो, असं ढोबळमानाने धरतात. पण खाणीतला रॉड चकचकीत नसतो. भट्टीत तापवताना त्याच्या पृष्ठभागातला कार्बन जळून वरचा थर मऊ झालेला असतो. अडकलेला रॉड घणाने ठोकून सोडवतात, त्याचे वण असतात. शिवाय भोकातून पाणी वाहतं. ते बंद करता येत नाही, कारण कोरड्या ड्रिलिंगची धूळ थेट कामगाराच्या फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. पाण्यात गंजत असलेल्या पोलादाला अमुक ताणाखाली सुरक्षित अशी मर्यादाच राहत नाही. म्हणून कोरड्या हवेत लहान नमुन्यावर केलेली चाचणी पुरेशी नाही. अख्खा रॉड, भोकातून पाणी सोडून तपासायला हवा. तोही एकच तपासून भागत नाही. एकाच लॉटमधल्या रॉडांच्या आयुष्यात कित्येक पटींचा फरक पडतो, निदान आठ-दहा तरी घ्यावेत.

हे काही नवं ज्ञान नाही. जर्मनीतल्या हार्ट्‌झ डोंगरात क्लाउस्थाल इथे विल्हेल्म अल्बर्ट या खाण अधिकाऱ्याने 1829 मध्ये खाणीच्या साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार टाकून चाचण्या केल्या होत्या. फटीगचा अभ्यास सुरू झाला तोच खाणीतल्या वस्तूंपासून. आणि आपल्याकडे खरेदीच्या कागदांत अजून कडकपणा आणि ताणशक्तीवर भागवलेलं मी पाहिलं आहे. रॉड ऐन कामात तुटला की सगळा जोर देऊन उभा असलेला ड्रिलर मशीनसकट पुढे कोसळतो. दात पडलेले, मनगट मोडलेले लोक मला भेटले आहेत. स्वस्त रॉडचा हिशेब करताना हा खर्च कुणी धरत नाही, याचा मला राग येतो.

नागपुरात भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे, व्हीएनआयटी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत धातुशास्त्राचा विभाग आहे. जाणकारांची वाण नाही. खाणमालकांनी टेंडरमध्ये पाण्यासकट फटीग टेस्टची अट घालावी आणि शँकच्या, म्हणजे रॉडच्या मशीनमध्ये बसणाऱ्या टोकाच्या, आतला पृष्ठभाग कसा आहे तेही मागावं. तोवर एक काम उद्यापासून होईल : प्रत्येक रॉडला नंबर द्या, किती मीटर ड्रिलिंग झालं ते पाळीच्या वहीत लिहा आणि तुटलेले दोन्ही तुकडे भंगारात न टाकता, तोंडाला तेल लावून, लॅबकडे पाठवा.

– एक निवृत्त लॅब असिस्टंट, नागपूर