फौजेत होता का, हे विचारा

संपादक महोदय,

माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) दवाखान्यात मी कंत्राटी वैद्यकीय अधिकारी आहे. ठाणे, कळवा, ऐरोलीहून येणारे माझे बरेच रुग्ण मूळचे सातारा-कोल्हापूरकडचे, आता मुलाकडे राहायला आलेले. ही मंडळी तक्रारच करत नाहीत, हीच डॉक्टरची पंचाईत. ‘कसं काय सुभेदारसाहेब?’ म्हटलं की ‘एकदम फिट!’ आणि रक्तदाब पाहावा तर १८०. तोफखान्यात नोकरी केलेला माणूस ऐकू न आल्यामुळे नुसती मान डोलावतो. घरच्यांना वाटतं, म्हातारा मुद्दाम दुर्लक्ष करतो. तोफांच्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, श्रवणयंत्र मात्र योजनेतून मिळू शकतं. बर्फात हिमदंश झालेल्या पायाला पुढे मधुमेह गाठतो, तेव्हा साधी जखमही महागात पडते. खासगी दवाखान्याच्या केसपेपरवर यातलं काहीच नसतं. शहरातल्या डॉक्टरांनी साठीपुढच्या रुग्णाला एवढं तरी विचारावं: फौजेत होता का? कुठल्या पलटणीत?

आणखी एक. छातीत कळ आली तरी काही जण रेफरलच्या (रुग्णालयात पाठवण्याच्या शिफारशीच्या) कागदासाठी सकाळपर्यंत थांबतात. (शिस्त अंगात मुरलेली, दुसरं काय!) आणीबाणीत आधी रेफरल लागत नाही. योजनेच्या पॅनेलवरच्या जवळच्या रुग्णालयात थेट जावं, योजनेचं कार्ड सोबत न्यावं. पॉलिक्लिनिकला, म्हणजे योजनेच्या दवाखान्याला, कळवण्याचं काम रुग्णालयाचं. सैनिकांच्या कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवाही या योजनेत येतात. त्यांनी कार्ड काढलं नसेल तर लवकर काढून घ्यावं.

– एक वैद्यकीय अधिकारी, ठाणे